‘सर’ ही पदवी वारसाने मिळते का? इंग्लंडच्या खानदानी पदव्या कोणाकडे जातात आणि कोणाकडे नाही

शेरलॉक होम्सची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ वाचली असेल, तर तिची सुरुवात आठवत असेल. डेव्हनमधल्या ओसाड माळरानाशेजारच्या जुन्या वाड्याचे मालक सर चार्ल्स बास्करव्हिल अचानक मरण पावतात. त्यांना मूलबाळ नसते. कॅनडात शेती करणारा पुतण्या हेन्री बोटीने इंग्लंडला येतो आणि सगळे त्याला ‘सर हेन्री’ म्हणू लागतात.

त्याला राजवाड्यात कोणी बोलावलेले नसते. खांद्याला तलवार लावण्याचा समारंभही झालेला नसतो. काका वारले आणि पुतण्या ‘सर’ झाला, एवढेच.

हे कसे? आपल्याला तर ‘सर’ ही किताबासारखी, कर्तबगारीसाठी मिळणारी पदवी म्हणून माहीत आहे. रवींद्रनाथ टागोर ‘सर’ होते, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ‘सर’ होते, पण त्यांची मुले ‘सर’ झाली नाहीत. मग हेन्री कसा झाला?

कारण ‘सर’ दोन प्रकारचे असतात.

दोन प्रकारचे ‘सर’

पहिला प्रकार नाइटचा. हा मान त्या व्यक्तीपुरता असतो आणि तिच्याबरोबरच संपतो. टागोर, भांडारकर हे या प्रकारातले.

दुसरा प्रकार बॅरोनेटचा. हा वंशपरंपरेने चालतो. बोलताना दोघांनाही ‘सर’च म्हणतात, पण लिहिताना बॅरोनेटच्या नावापुढे ‘बीटी’ ही दोन अक्षरे जोडतात. नाइट आणि बॅरोनेट ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. दोघांच्याही पत्नीला ‘लेडी’ म्हणतात.

बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन या पाच पायऱ्यांवरच्या लोकांना ‘पियर’ म्हणतात आणि वरच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसण्याचा मान त्यांचा होता. ‘डाउन्टन ॲबी’मधले कुटुंब अर्लचे, ‘ब्रिजर्टन’मधले व्हायकाउंटचे. या पाच पायऱ्यांच्या खाली जमीनदारांचा जो मोठा वर्ग होता, त्याला जेंट्री म्हणत. गावाकडे जमीन, मोठे घर आणि कुळांकडून येणारा खंड यावर चालणारी ही घराणी. त्यांच्यातली वारसाने चालणारी पदवी एकच, बॅरोनेटची. बॅरोनेटला पदवीमुळे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळत नाही.

राजाला पैसे हवे होते

बॅरोनेट ही पदवी फार प्राचीन वाटते, पण आज आपण जिला ओळखतो ती २२ मे १६११ रोजी सुरू झाली आणि कारण अगदी व्यावहारिक होते. राजा पहिला जेम्स याला आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात इंग्रजी वसाहती उभ्या करायच्या होत्या आणि त्यासाठी सैन्याचा खर्च हवा होता.

त्याने श्रीमंत जमीनदारांपुढे सौदा ठेवला. ज्याला पदवी हवी त्याने ३० सैनिकांचा ३ वर्षांचा पगार भरावा. सैनिकाचा पगार दिवसाला ८ पेन्स. ३० जणांचे दिवसाला २४० पेन्स, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने बरोबर एक पौंड. ३ वर्षांचे दिवस १,०९५, म्हणून किंमत १,०९५ पौंड! शिवाय अर्जदाराचे जमिनीचे उत्पन्न वर्षाला किमान १,००० पौंड हवे आणि त्याच्या वडिलांच्या वडिलांकडे घराण्याचे अधिकृत मानचिन्ह असायला हवे, अशा अटी होत्या.

पहिली सनद सफोकच्या निकोलस बेकन यांना मिळाली. प्रसिद्ध तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांचे ते सावत्र भाऊ. पुढे बॅरोनेटांना आपल्या ढालीच्या चिन्हात अल्स्टरचा लाल पंजा लावण्याचा मान मिळाला. अनेक जुन्या घराण्यांच्या चिन्हांत तो आजही दिसतो.

सगळे ठरवते ती सनद

या विषयाची किल्ली एका कागदात आहे. पदवी देताना राजा एक सनद काढतो. तिच्यात पदवी पुढे कोणाकडे जाईल हेही लिहिलेले असते. बहुतेक सनदांमधल्या शब्दांचा अर्थ असा: मूळपुरुषाच्या देहापासून, कायदेशीर विवाहातून जन्मलेले पुरुष वारस.

या एका वाक्यातून सगळे नियम निघतात.

• बॅरोनेट वारला की पदवी थोरल्या मुलाकडे जाते. जुळे असतील तर आधी जन्मलेल्याकडे.

• थोरला मुलगा वडिलांच्या आधीच वारला असेल आणि त्याला मुलगा असेल, तर पदवी त्या नातवाकडे जाते. धाकटे काका तेव्हा बाजूला राहतात.

• थोरल्याची शाखा मुलाविना संपली, तरच दुसऱ्या मुलाच्या शाखेकडे पाळी येते.

• मुलगाच नसेल, तर भाऊ, पुतण्या, चुलत भाऊ असे मागे मागे जात शोध घेतात. पण वारस मूळपुरुषाच्या वंशातला आणि फक्त पुरुषांच्या साखळीतून आलेला हवा. मुलीच्या मुलाला हक्क नाही.

• मूळपुरुषाचा सख्खा भाऊसुद्धा वारस नसतो, कारण तो मूळपुरुषाच्या देहापासून जन्मलेला नाही. त्याला हक्क द्यायचा असेल, तर सनदेत तसे वेगळे लिहावे लागते.

• असा एकही पुरुष उरला नाही, तर पदवी कायमची संपते.

थोरल्या मुलाचा हक्क पक्का असतो, म्हणून तो ‘निश्चित वारस’. ज्याला मुलगा नाही त्याचा भाऊ किंवा पुतण्या मात्र ‘संभाव्य वारस’ असतो, कारण उद्या मुलगा जन्मला तर त्याचा हक्क गेला. बॅरोनेट वारला तेव्हा पत्नी गरोदर असेल, तर सगळ्यांना बाळंतपणापर्यंत थांबावे लागते.

‘बास्करव्हिल्स’मधल्या खुनामागचे कारणही हेच आहे. शेजारी राहणारा स्टेपल्टन हा खरे तर सर चार्ल्स यांच्या परागंदा झालेल्या धाकट्या भावाचा मुलगा असतो. हेन्री मेला की पुढचा वारस तोच!

मुलींचे काय?

इंग्लंडच्या बॅरोनेट घराण्यांत मुलीला पदवी मिळत नाही. ती थोरली असली, एकुलती असली, घर आणि शेती तीच सांभाळत असली, तरी नाही. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्युएजन’ या कादंबरीत सर वॉल्टर एलियट यांना तीन मुली आहेत आणि वारस आहे एक दूरचा नातेवाईक. त्या काळच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नव्हते, इतके ते नेहमीचे होते.

अपवाद आहेत, पण बोटांवर मोजण्याइतके. १६३५ मध्ये मेरी बोल्स या इंग्रज स्त्रीला स्वतःच्या हक्काने बॅरोनेटपद मिळाले. तेही स्कॉटलंडच्या यादीतले, इंग्लंडच्या नव्हे. स्कॉटलंडच्या काही जुन्या सनदांचे शब्द सैल आहेत, त्यामुळे तिथे काही स्त्रियांना वारसाही मिळाला.

बॅरोनेटच्या धाकट्या मुलांना आणि मुलींना नावापुढे लावायला काहीच मिळत नाही. थोरला ‘सर’ होतो, बाकीचे साधे मिस्टर आणि मिस.

दत्तक आणि लग्नाबाहेरची मुले

‘देहापासून’ या शब्दामुळे दत्तक मूल बाद होते. इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तकाची सोयच १९२६ मध्ये झाली. त्यानंतर दत्तक मुलाला बाकी हक्क मिळत गेले, पण पदवी नाही.

‘कायदेशीर विवाहातून’ या शब्दांमुळे लग्नाआधी जन्मलेले मूलही बाद होते. आईवडिलांनी नंतर लग्न केले तरी इंग्लंडमध्ये पदवीपुरता फरक पडत नाही. त्यामुळे एकाच आईबापांची दोन मुले असतील, थोरला लग्नाआधीचा आणि धाकटा लग्नानंतरचा, तर ‘सर’ धाकटा होतो.

कायद्याने लिंगबदलाला मान्यता मिळाली, तेव्हाही पदव्यांना हात लावला गेला नाही. २००४ च्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की व्यक्तीचे कायदेशीर लिंग बदलले तरी पदवीचा वारसाक्रम बदलत नाही.

पदवी एका वाटेने, घर दुसऱ्या वाटेने

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पदवी मिळाली म्हणजे वाडा, जमीन आणि पैसाही मिळाला, असे नाही.

पदवी विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, मृत्युपत्रात कोणाच्या नावाने लिहिता येत नाही. बॅरोनेटचे दिवाळे निघाले तरी तो बॅरोनेटच राहतो. घर आणि जमीन मात्र मालमत्ता आहे आणि ती मालमत्तेच्या कायद्याने जाते.

पूर्वी घराणी दोन्ही गोष्टी एकत्र बांधून ठेवत. इस्टेट पुढच्या पुरुष वारसालाच जाईल, मधल्या पिढीला ती विकता येणार नाही, अशी कायदेशीर गाठ मारली जाई. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या मिस्टर बेनेट यांना कसलीच पदवी नाही, पण त्यांची इस्टेट अशीच बांधलेली आहे. म्हणून पाच मुली असूनही ती मिस्टर कॉलिन्सकडे जाणार असते.

पुढे या गाठी सुटत गेल्या. १८९४ मध्ये वारसा कर कडक झाला. पहिल्या महायुद्धात काही घरांत बाप आणि मुलगा लागोपाठ गेले आणि थोड्या वर्षांत दोनदा कर भरावा लागला. १९२५ च्या कायद्याने मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला, हा जुना नियमही रद्द झाला. जमिनी विकल्या गेल्या, अनेक वाडे पाडले गेले. त्यामुळे आज एखादा बॅरोनेट साध्या फ्लॅटमध्ये राहत असेल आणि पूर्वजांच्या वाड्यात हॉटेल चालत असेल, तर नवल नाही.

पदवीसाठी आलेला खाटीक

वारसा सिद्ध करणे किती गुंतागुंतीचे होऊ शकते, याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण हॅम्पशरच्या टिचबोर्न घराण्याचे.

थोरला मुलगा रॉजर टिचबोर्न १८५४ मध्ये दक्षिण अमेरिकेहून निघालेल्या जहाजाबरोबर समुद्रात नाहीसा झाला. तो मेला असे धरले गेले आणि वडिलांनंतर पदवी धाकट्या भावाला, आल्फ्रेडला मिळाली. आईने मात्र आशा सोडली नाही. तिने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, अगदी ऑस्ट्रेलियापर्यंत.

१८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉगा वॉगा गावचा एक खाटीक म्हणाला, रॉजर मीच. त्याच वर्षी आल्फ्रेडही वारला. त्याची पत्नी गरोदर होती. तिला मुलगा झाला आणि जन्मतःच तो बॅरोनेट ठरला. म्हणजे एकीकडे तान्हे बाळ आणि दुसरीकडे समुद्रातून परत आलेला काका, असा सामना उभा राहिला.

रॉजर पॅरिसमध्ये वाढला होता, हा मनुष्य फ्रेंच विसरला होता. रॉजर सडपातळ होता, हा अवाढव्य. रॉजरच्या हातावर गोंदण होते, याच्या नव्हते. तरी आईने त्याला पाहिले आणि ‘हाच माझा मुलगा’ म्हणून स्वीकारले. १८६८ मध्ये ती वारली आणि त्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार गेला.

दिवाणी दावा तो हरला. मग खोट्या साक्षीचा खटला १८८ दिवस चालला आणि १८७४ मध्ये त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयाच्या मते तो लंडनच्या वॉपिंग भागातला आर्थर ऑर्टन होता. सामान्य लोकांपैकी हजारो जण मात्र त्याच्या बाजूने होते. गरिबाला श्रीमंत लोक हक्क मिळू देत नाहीत, असे त्यांना वाटत होते. १८९८ मध्ये तो कफल्लक अवस्थेत मेला, पण त्याच्या शवपेटीवर नाव होते ‘सर रॉजर टिचबोर्न’.

ज्या पदवीसाठी हे सगळे झाले, ती १९६८ मध्ये संपली. शेवटच्या बॅरोनेटला मुली होत्या, मुलगा नव्हता.

डीएनए आला आणि...

टिचबोर्नच्या काळी डीएनए चाचणी असती, तर निकाल आठवड्यात लागला असता. पण ती चाचणी नको ते गुपितही उघड करते, हे २०१६ मध्ये दिसले.

स्कॉटलंडच्या स्टिचिल इथल्या प्रिंगल घराण्याची सनद १६८३ ची. तिथेही मूळपुरुषाच्या देहापासून झालेले पुरुष वारस, हीच अट. दहावे बॅरोनेट सर स्ट्युअर्ट प्रिंगल रॉयल मरीन्समधले मोठे अधिकारी होते आणि १९८१ मध्ये बॉम्बस्फोटात त्यांनी एक पाय गमावला होता. घराण्याच्या वंशावळीच्या कामासाठी त्यांनी डीएनएचा नमुना दिला आणि तो इतर शाखांशी जुळला नाही. तपासाअंती निष्कर्ष निघाला की त्यांचे वडील, म्हणजे नववे बॅरोनेट, हे आठव्या बॅरोनेटचे जैविक पुत्र नव्हते.

२०१३ मध्ये सर स्ट्युअर्ट वारले. त्यांचा मुलगा आणि दुसऱ्या शाखेतला चुलत नातेवाईक असे दोन दावेदार उभे राहिले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. न्यायाधीशांनी डीएनए पुरावा ग्राह्य धरला आणि पदवी दुसऱ्या शाखेला दिली. आठवे बॅरोनेट १९१९ मध्ये वारले होते. जवळजवळ शतकभरापूर्वीची गोष्ट आज उलटली आणि सर स्ट्युअर्ट आयुष्यभर जे नाव लावत आले, त्यावर त्यांचा हक्कच नव्हता, असे ठरले. वंश रक्ताने मोजायचा ठरवला, की एका पणजीचे गुपित न्यायालयाच्या निकालात छापून येते.

मुंबईचे बॅरोनेट

ही पदवी मुंबईतही आली. ज्यांच्या नावाचे जे. जे. हॉस्पिटल आहे, ते जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये पहिले भारतीय बॅरोनेट झाले.

त्यांच्या पदवीसाठी १८६० मध्ये खास कायदा झाला. त्यात एक वेगळीच अट होती: जो कोणी वारस होईल त्याने स्वतःचे नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचे! त्यामुळे त्यांचा मुलगा करसेटजी दुसरा सर जमशेटजी झाला, त्याचा मुलगा माणेकजी तिसरा आणि माणेकजीनंतर भाऊ कावसजी चौथा. जुन्या कागदांत एकच ‘सर जमशेटजी’ शंभर वर्षे कसा काय दिसतो, याचे उत्तर हे आहे.

पेटिट घराण्यातही पहिल्या सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्यानंतरचे बॅरोनेट तेच नाव घेत आले. दुसऱ्या सर दिनशांची मुलगी रतनबाई, म्हणजे १९१८ मध्ये महंमद अली जीनांशी लग्न करणारी रुट्टी. ती मोठी होती, पण पदवी गेली धाकट्या भावाकडे.

फोर्टातले निळे सिनेगॉग बांधणारे जेकब ससून १९०९ मध्ये बॅरोनेट झाले. त्यांच्या सनदेत भावाला वारस होण्याची खास तरतूद होती, म्हणून त्यांच्यानंतर पदवी भावाकडे आणि मग पुतण्या व्हिक्टर ससूनकडे गेली. १९६१ मध्ये व्हिक्टर निपुत्रिक वारले आणि ती संपली.

पदवी नको असेल तर?

१९६३ च्या कायद्याने पियरना पदवी सोडता येऊ लागली, पण तो कायदा बॅरोनेटांना लागू नाही. बॅरोनेट पदवी सोडू शकत नाही, फक्त वापरायचे टाळू शकतो. पर्यावरण कार्यकर्ते जोनाथन पॉरिट वारसाने बॅरोनेट आहेत, पण ‘सर’ लावत नाहीत.

उलट ज्याला ती लावायची आहे, त्याला पुरावा द्यावा लागतो. वडील गेले की हक्क आपोआप येतो, पण १९१० पासून बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही आहे. जन्माचे, आईवडिलांच्या लग्नाचे, आधीच्या बॅरोनेटच्या मृत्यूचे दाखले देऊन तिच्यात नाव चढल्याशिवाय सरकारी कागदावर ‘सर’ लिहिले जात नाही.

सोशल मीडियावर दिसणाऱ्या ‘स्कॉटलंडमध्ये एक फूट जमीन घ्या आणि लॉर्ड व्हा’ या जाहिरातींचे काय? ती निव्वळ भेटवस्तू आहे, तिच्याने कोणतीही पदवी मिळत नाही. ‘लॉर्ड ऑफ द मॅनर’ हा जुना जमीनदारी हक्क खरोखर विकत घेता येतो, पण तो घेऊनही तुम्ही ‘लॉर्ड अमुक’ होत नाही.

आज काय स्थिती आहे?

नवी बॅरोनेटपदे जवळजवळ थांबली आहेत. १९६४ नंतर एकच दिले गेले, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे पती डेनिस यांना, १९९० मध्ये. २००३ मध्ये ते गेल्यावर मुलगा मार्क ‘सर’ झाला. जुळी बहीण कॅरोल हिला अर्थातच काही मिळाले नाही.

राजगादीसाठी हा नियम बदलला आहे. २०१३ च्या कायद्याने थोरले अपत्य मुलगी असली तरी राज्यावर तिचाच हक्क पहिला. स्पेनने २००६ मध्ये सरदारी पदव्यांतही मुलींना समान हक्क दिला. ब्रिटनमध्ये मात्र पदव्यांसाठी तशी विधेयके अनेकदा संसदेत येऊनही त्यांचा कायदा झाला नाही. म्हणजे आज ब्रिटनमध्ये थोरली मुलगी देशाची राणी होऊ शकते, पण बॅरोनेट वडिलांची पदवी तिला मिळू शकत नाही. कारण तिच्या घराण्याच्या सनदेत ‘पुरुष’ हा शब्द लिहिलेला आहे आणि तो खोडायचा अधिकार फक्त संसदेला आहे.